वाया न गेलेली विद्या

शिक्षकी पेशात तीस वर्षे घालविलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि न सांगण्यासारखेही थोडे असते. प्रस्तुत लेखाचा आरंभ मी या दुसऱ्या प्रकारातील एका आठवणीने करीत आहे.

१९९६ साल असावे. मी बेळगावातील एका सरकारी मराठी शाळेत नुकताच रुजू झालो होतो. बसस्थानकाजवळच्या एका बोळात त्या वेळी व्हिडिओ गेमचे दुकान निघाले होते. काळोख्या खोलीत भिंतीला लागून चार-पाच उभी यंत्रे असत. नाणे टाकावे, पडद्यावर दोन मल्ल उभे राहावेत आणि मुलांनी दांडा हालवून त्यांची कुस्ती लावावी. मधल्या सुट्टीत पळालेली आमची मुले तेथे हमखास सापडत. त्यांना धरून आणण्याचे काम मुख्याध्यापकांनी तरुण म्हणून माझ्याकडे दिले होते. त्या खोलीतून बाहेर येणारा आवाज मला अजून आठवतो. मी त्याला सरळ कलकलाट म्हणत असे.

तेथून धरून आणलेला सातवीतला एक मुलगा एके दिवशी प्रार्थनेच्या खोलीत शाळेची पेटी उघडून बसलेला मला दिसला. पेटी त्याला कोणी शिकविलेली नव्हती. तो त्या दुकानातली एक चाल चाचपडत, पण बऱ्याच अंशी बिनचूक वाजवीत होता. मी काय करावयास हवे होते? दारात उभे राहून ती संपेपर्यंत ऐकावयास हवे होते. मी काय केले? भाता बंद केला, ‘ही पेटी प्रार्थनेची आहे’ असे बजावले आणि त्याला पुढला तास वर्गाबाहेर उभे केले. पेटीला त्याने पुन्हा हात लावल्याचे मला आठवत नाही.

पुढे बदल्या होत होत मी त्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून परत आलो. गेल्या पावसाळ्यात तो मुलगा, म्हणजे आता चाळिशीतला एक गृहस्थ, आपल्या शाळेच्या दाखल्याची प्रत मागावयास आला. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. लिपिक कागदपत्रे शोधीत असता तिची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली. “सर, वाजवू?” तिने विचारले. या वेळी मी हो म्हणालो. तिने एक संथ, किंचित उदास अशी धून वाजविली. मी विचारले, “हे कोणाचे?” ती म्हणाली, “योको शिमोमुरा. गेममधलं आहे, सर.” तिचे वडील हसले. म्हणाले, “सर, तेव्हा मी वाजवलेली चाल पण याच बाईंची. तुम्ही भाता बंद केलात ती.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. त्या दिवसापासून या बाई कोण, हे जाणून घेण्याचा मी छंद घेतला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

योको शिमोमुरा यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९६७ रोजी जपानच्या ह्योगो प्रांतात झाला. चार-पाच वर्षांची असतानाच ती मुलगी पियानोपुढे बसू लागली. शिकविलेले वाजवून झाले की ती वाटेल त्या पट्ट्या दाबून ‘मी रचना करीत आहे’ असा खेळ खेळे. त्या लुटुपुटीच्या खेळातूनच खऱ्या रचना होऊ लागल्या; त्यांतील अगदी पहिली आपल्याला अजून वाजविता येते, असे त्या सांगतात. बेथोव्हन, शोपँ आणि रावेल ही त्यांची दैवते. पुढे ओसाका संगीत महाविद्यालयातून पियानो हा मुख्य विषय घेऊन त्या १९८८ साली पदवीधर झाल्या.

येथवरची कथा चारचौघींसारखी आहे. पियानोची पदवी घेतलेल्या मुलीने पियानोची शिक्षिका व्हावे, हा सरळ रस्ता होता. शिमोमुराबाईंचाही तोच बेत होता आणि एका वाद्यांच्या दुकानात पियानो शिकविण्याची नोकरीही त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु या मुलीला आणखी एक नाद होता, तो व्हिडिओ गेमचा. विद्यार्थी निवडण्यासाठी काही खेळ-कंपन्या महाविद्यालयात आल्या, तेव्हा तिने आपल्या रचनांचे नमुने त्यांच्याकडे धाडून दिले. ओसाकाच्याच कॅपकॉम या कंपनीने मुलाखतीस बोलाविले आणि नोकरी दिली.

घरी आणि गुरुजनांत मोठीच निराशा पसरली. महागड्या संगीत महाविद्यालयाची फी भरली ती काय यासाठी, हा आईवडिलांचा प्रश्न होता. तो प्रश्न मला नवा नाही. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून किती पालकांनी तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला असेल, याची गणती नाही. आणि त्या वेळची स्थिती पाहता तो गैरही म्हणता येणार नाही. १९८८ साली खेळातील संगीत म्हणजे यंत्राची टिकटिक असेच भल्याभल्यांना वाटे. ते रचणाऱ्याला संगीतकार म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती. फार काय, त्या काळी अनेक जपानी कंपन्या खेळाच्या शेवटी आपल्या माणसांची खरी नावेही देत नसत, टोपणनावे देत. शिमोमुराबाईंचे नाव तेथे ‘शिमो-पी’ असे काहीतरी दिसे. ज्या कन्येच्या शिक्षणासाठी एवढा खर्च केला तिचे नावही कोठे छापून येत नाही, हे पाहून कोणत्या पालकाचे मन खट्टू होणार नाही?

तथापि, त्या टिकटिकीच्या मागे काय परिश्रम होते हे समजून घेतले पाहिजे. १९९१ साली कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर टू’ हा खेळ आला. बसस्थानकाजवळच्या आमच्या दुकानात गाजत होता तो हाच. दोन-तीन छोटे अपवाद सोडल्यास त्याचे सगळे संगीत शिमोमुराबाईंचे आहे. या यंत्रात ध्वनीसाठी मुख्यतः दोन चिप असत. यामाहा कंपनीची एक चिप एका वेळी आठ स्वरांच्या ओळी निर्माण करी. दुसरी, ध्वनिमुद्रित आवाजाचे चार तुकडे एका वेळी वाजवू शके, आणि त्यांतच ठोशांचे आवाज आणि मल्लांच्या आरोळ्याही बसवाव्या लागत. शंभर वादकांचा वृंद मनात असलेल्या पदवीधर मुलीला हाताशी मिळाले ते एवढेच.

दुसरी अडचण याहून बिकट होती. चित्रपटाच्या संगीतकाराला प्रसंग किती मिनिटांचा आहे हे ठाऊक असते. खेळाच्या संगीतकाराला ते कधीच ठाऊक नसते. कुस्ती दहा सेकंदांत संपेल, की खेळणारा तासभर तेथेच अडून बसेल, हे कोणी सांगावे? म्हणून चाल अशी रचावी लागते की ती संपताच पुन्हा मुळाशी येऊन मिळावी, सांधा दिसू नये आणि शंभराव्या आवर्तनालाही कान विटू नयेत. पेटी वाजविणाऱ्या आपल्या वाचकांना हे चटकन उमगेल. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला जो लेहरा धरतो, त्याचे मर्म हेच नव्हे काय? लेहरा चटकदार असावा, पण तबल्याच्या वाटेत येऊ नये; पुन्हा पुन्हा यावा, पण कंटाळा आणू नये. फरक इतकाच, की येथे तबलजीच्या जागी यंत्रासमोर उभा असलेला एक अनोळखी मुलगा आहे. आणि गंमत अशी, की त्या खेळात एखाद्या मल्लाची शक्ती संपत आली की तीच चाल एकदम द्रुत लयीत जाते. मुलाची छाती धडधडू लागते ती पडद्याइतकीच या लयीमुळे.

प्रत्येक मल्लाचा देश निराळा, म्हणून प्रत्येकाची चालही निराळी. जपानी र्‍यू, अमेरिकन सैनिक गाइल, चिनी चुन-ली, ब्राझीलचा ब्लांका, सोव्हिएत रशियाचा झांगिएफ, अशी ती मंडळी. त्यांत धालसिम नावाचा एक भारतीयही आहे. अस्थिपंजर देह, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून ज्वाळा आणि पाठीमागे हत्तींची रांग! आपल्या देशाचे हे चित्र पाहून मला हसू आले आणि थोडा रागही आला. त्याच्या चालीतही दुरून कल्पिलेलाच पूर्वदेश आहे. त्यात आपला राग शोधण्याच्या भरीस कोणी पडू नये. परंतु हे मान्य करूनही, दहा-वीस सुरांत एकेका पात्राला ओळख देण्याची या बाईंची हातोटी नाकारता येत नाही. आमच्या विद्यार्थ्याने पेटीवर वाजविली होती ती गाइलची चाल. इतक्या वर्षांनंतरही जगभरची मुले ती ओळखतात.

कॅपकॉममध्ये सुमारे पाच वर्षे काढल्यावर १९९३ साली शिमोमुराबाई ‘स्क्वेअर’ या कंपनीत गेल्या. मारामारीच्या खेळांपेक्षा दीर्घ, कथाप्रधान, अद्भुतरम्य खेळांना संगीत द्यावे आणि त्यात आपल्या अभिजात शिक्षणाचा उपयोग व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. येथून पुढचा त्यांचा प्रवास पाहिला की मला एखाद्या जुन्या गायकाची आठवण होते, जो पदे गाता गाता हळूहळू आपल्या खऱ्या गायकीकडे परततो. ‘लाइव्ह अ लाइव्ह’ (१९९४) आणि ‘सुपर मारिओ आरपीजी’ (१९९६) हे खेळ निन्टेन्डोच्या ज्या यंत्रावर चालत, त्यात आठ स्वररेषा होत्या, आणि सगळ्या आवाजांसाठी मिळून स्मृती होती केवळ ६४ किलोबाइट. आज आपल्या खिशातील मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही एवढ्या जागेत मावणार नाही. पुढे यंत्रे सुधारली, जागा वाढली. ‘पॅरासाइट ईव्ह’ (१९९८) आणि ‘लेजंड ऑफ माना’ (१९९९) या खेळांत त्यांना मोकळा श्वास घेता आला. यांतील दुसऱ्या कृतीत आपले स्वत्व सर्वांत अधिक उतरले आहे, असे त्यांनी म्हटले आहे.

२००२ साली ‘किंगडम हार्ट्स’ आला. डिस्नेची सुपरिचित पात्रे आणि स्क्वेअरची स्वतःची पात्रे यांना एका कथेत गुंफणारा हा खेळ. तो सुरू होण्यापूर्वी, पडद्यावर नुसते नाव असताना, पियानोवर एक छोटी रचना वाजते. ‘डिअरली बिलव्हेड’ हे तिचे नाव. त्या मुलीने शाळेच्या पेटीवर वाजविली ती हीच. या मालिकेच्या पुढील प्रत्येक भागात ती नव्या रूपात परत येते, जशी एखादी बंदिश निरनिराळ्या मैफलीत निराळी फुलावी. पियानोच्या विद्यार्थ्याला फारशी अवघड नाही, पण नीट वाजविली तर मनात घर करते.

आणि येथेच मला या चरित्रातील मौज दिसते. वाद्यांच्या दुकानातील ती नोकरी शिमोमुराबाईंनी पत्करली असती, तर वर्षाला काही मुले त्यांच्या हाताखाली पियानो शिकली असती. ते काम थोर आहे. ते मी कमी लेखत नाही, कारण ते माझेच काम आहे. परंतु त्यांनी कधी न पाहिलेल्या किती मुलांनी केवळ त्यांची धून आपल्या बोटांतून यावी म्हणून वाद्याला हात लावला असेल! बेळगावातली ती एक मुलगी तर माझ्या डोळ्यांसमोरच होती. तिला पियानो ठाऊक नाही. घरी एक लहानसा कीबोर्ड आहे. पण स्वर लांबविणे, थांबणे, पुन्हा हळुवार उचलणे हे तिला कोणी तरी शिकविले होते. शाळेत आम्ही ते शिकविले नव्हते.

किंगडम हार्ट्सनंतर बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि २००३ च्या सुमारास नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू लागल्या. मूल झाले म्हणून वाद्य मिटून ठेवलेल्या किती स्त्रिया आपण पाहिल्या आहेत! येथे उलट घडले. ‘मारिओ अँड लुइजी’च्या मालिकेपासून त्यांच्या कामाला नवा बहर आला. २००८ साली त्यांच्या निवडक रचना वाद्यवृंदासाठी बांधून ‘ड्रामाटिका’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. ऑगस्ट २००९ मध्ये स्टॉकहोम येथे तेथील राजेशाही फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाने त्या मैफलीत वाजविल्या. ‘फायनल फँटसी फिफ्टीन’ या खेळाची घोषणा २००६ साली निराळ्या नावाने झाली होती. तो २०१६ साली पुरा झाला. दहा वर्षे! आपल्याकडे एखाद्या ग्रंथाला लागावीत तशी. त्याच साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत लंडन फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाने त्यातील संगीत सादर केले. आठ स्वरांच्या चिपपासून लंडनच्या वाद्यवृंदापर्यंतचे हे अंतर एका हयातीत, आणि तेही निम्म्या हयातीत, कापले गेले.

२३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकचा उद्घाटन समारंभ आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला असेल. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन चालत आले, तेव्हा आमच्याही घरात टाळ्या झाल्या. त्या रात्री सर्व देशांच्या संचलनासाठी जपानने जे संगीत निवडले होते, ते व्हिडिओ गेममधले होते. त्यात किंगडम हार्ट्समधील शिमोमुराबाईंच्या रचनाही होत्या. मी ते सगळे ऐकले आणि शेजाऱ्यांना म्हणालो, “काय भारदस्त संगीत आहे!” ज्या कुळातल्या आवाजाला पंचवीस वर्षांपूर्वी कलकलाट म्हटले, त्याच कुळातले ते आहे हे मला ठाऊक नव्हते. कानांना कळले होते. नाव कळले नव्हते इतकेच. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या चित्रपट व दूरचित्रवाणी अकादमीने, म्हणजे ‘बाफ्टा’ने, त्यांना आपली फेलोशिप दिली. या संस्थेचा हा सर्वोच्च सन्मान. १९७१ साली तो पहिल्यांदा आल्फ्रेड हिचकॉक यांना मिळाला होता, एवढे सांगितले म्हणजे त्याचे मोल ध्यानी येईल.

आता माझ्या पेटीकडे वळतो. ‘ही पेटी प्रार्थनेची आहे’ असे मी त्या मुलाला ठणकावले होते. ते आठवले की दुसरीही एक गोष्ट आठवते. हीच पेटी एके काळी आपल्याकडे अस्पृश्य ठरली होती. परदेशातून आलेली, मींड न निघणारी, म्हणून भारतीय संगीताला अयोग्य, असे ठरवून १९४० साली तिला नभोवाणीची दारे बंद करण्यात आली. ती किलकिली व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या सगळ्या वर्षांत नभोवाणीवर तिला जागा नव्हती, पण नाटकात, भजनात आणि आमच्या गावच्या गल्ल्यांत ती वाजतच होती. याच बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर पेटी शिकविली आणि पिढ्या घडविल्या. हा इतिहास मी मुलांना सांगत आलो आहे. ज्या वाद्याला थोरांनी दाराबाहेर ठेवले, त्याच वाद्याच्या नावाने मी एका मुलाला दाराबाहेर उभे केले, हे मात्र तीस वर्षांत माझ्या ध्यानी आले नव्हते.

यावरून मुलांनी अभ्यास टाकून खेळत बसावे, असा अर्थ कोणी कृपया काढू नये. शिमोमुराबाईंच्या यशात पियानोपुढे बसून काढलेली पंधरा-सोळा वर्षे आहेत. त्या तयारीशिवाय आठ स्वरांच्या चिपमधून काही निघाले नसते. माझे म्हणणे एवढेच, की त्यांच्या आईवडिलांनी भरलेली फी वाया गेली नाही. ती त्यांना अपेक्षित नव्हती अशा वाटेने वसूल झाली. विद्या द्यावी हे आपले काम. ती पुढे कोणत्या रस्त्याने जाईल, हे ठरविण्याचा मक्ता आपल्याकडे आहे, असे आपण शिक्षक आणि पालक उगीचच समजून चालतो. त्या सातवीतल्या मुलाचा संगीतकार झाला असता, असा माझा दावा नाही. बहुधा झाला नसता. त्यांचे सुट्या भागांचे दुकान आहे, ते चांगले चालते आणि ते समाधानी दिसतात. परंतु त्यांना ती चाल पुरी वाजवू द्यावयास हवी होती, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

दाखल्याची प्रत तयार झाली तेव्हा मी त्यांना म्हटले, “तुम्ही वाजवा आता ती.” ते संकोचले. “सर, बोटं राहिली नाहीत,” म्हणाले. मुलीने आग्रह केला तेव्हा दोन ओळी वाजविल्या, तिसरीला अडखळले आणि हसून उठले.

शाळेच्या प्रार्थनेच्या खोलीला पूर्वी कायम कुलूप असे. मधल्या सुट्टीत ते काढून ठेवावे, असे मी शिपायाला सांगितले आहे. हल्ली त्या वेळी खोलीतून पेटीचा आवाज येतो. काय वाजते आहे, ते दर वेळी मला ओळखता येत नाही.